आधी धडा

दोन आकडे आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. पोर्शेने ९११ जीटी३ आरएस या गाडीच्या ९९२ पिढीसाठी ते दिलेत: ताशी २०० किमीला ४०९ किलो डाउनफोर्स, म्हणजे हवेने गाडीला खाली दाबणारा भार, आणि ताशी २८५ किमीला ८६० किलो. गाड्यांच्या नादी लागलेल्यांना हे आकडे पाठ असतात, क्रिकेटवाल्यांना सरासऱ्या पाठ असाव्यात तसे. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की भार चौपट, हेही पाठच असतं. मग एखाद्या रिकाम्या दुपारी हाताला चाळा म्हणून २८५ भागिले २०० करावं, त्याचा वर्ग घ्यावा, ४०९ने गुणावं. उत्तर येतं ८३०. बोट चुकलं असेल म्हणून पुन्हा करावं. पुन्हा ८३०. म्हणजे तीस किलो वरचे आहेत. दोनशे आणि दोनशे पंच्याऐंशीच्या मधे कुठेतरी कोणीतरी तांदळाचं एक पोतं गाडीवर टाकलं आणि पावती फाडली नाही.

साडेतीन टक्क्यांचा फरक. सोडून द्यावा इतका लहान, असं कोणीही म्हणेल. पण ज्याने गाडीवरचा हवेचा भार ट्रॅकवर एकदा तरी मोजायला घेतलाय, त्याला हे तीस किलो दातात अडकलेल्या सुपारीसारखे सलत राहतात.

सुटं तेल मिळायचं त्या काळात वाणी आधी रिकामा डबा पारड्यात ठेवायचा. समोरच्या पारड्यात वजनं, खडे, कधी एखादा गंजका नट टाकून काटा मधोमध आणायचा आणि मगच तेल ओतायचा. याला धडा करणं म्हणतात. तराजूचा स्वतःचा पासंग असेल तर तो आणखी वेगळा. जाणतं गिऱ्हाईक तेलाच्या धारेकडे बघत बसायचं नाही, धड्याकडे बघायचं, कारण गफलत व्हायची ती तिथेच. पळत्या गाडीवरचा डाउनफोर्स मोजणं हे तंतोतंत तेच काम आहे. फक्त इथे डबा चौदाशे किलोंचा आहे, तो ताशी दोनशेने धावतोय, तापतोय, पेट्रोल पिऊन हलका होतोय, खड्ड्यांवर हिंदकळतोय. आणि तेल डोळ्यांना दिसत नाही.

सगळ्यात स्वस्त काटा गाडीत आधीच बसवलेला असतो, तो म्हणजे स्प्रिंग. डॅम्परच्या, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या बाजूला, त्याला समांतर, चाल मोजणारा एक सरकता पोटेन्शिओमीटर लावायचा. पॅडॉकमधे, म्हणजे ट्रॅकजवळ गाड्या तयार करायच्या आवारात, त्याला नुसतं पॉट म्हणतात. चार चाकांना चार पॉट, डेटा लॉगरकडून पाच व्होल्ट, आणि स्प्रिंग किती मिलिमीटर दबली ते सेकंदाला शंभर वेळा लिहून घ्यायचं. पॉट तिरका बसला तर तो दांड्यावर घासतो आणि महिनाभरात मधल्या पट्ट्यात खोटं बोलू लागतो. गाडी नेहमी त्याच पट्ट्यात उभी असते, झीजही तिथेच होते. चाक पूर्ण लोंबकळलेलं असताना आणि पूर्ण दाबलेलं असताना, दोन्ही टोकांना पॉटची चाल शिल्लक आहे ना, हे जॅकवर पाहून घ्यायचं. नाहीतर ट्रॅकच्या कडेच्या पहिल्याच कर्बवर त्याचं टोक तुटतं.

मग हिशोब. समजा स्प्रिंग मिलिमीटरला १४० न्यूटनची आहे आणि मोशन रेशो ०.७, म्हणजे चाक एक मिलिमीटर वर गेलं की स्प्रिंग ०.७ मिलिमीटर दबते. सरळ रस्त्यावर ताशी दोनशेला पॉटने ६ मिलिमीटर दाखवले. स्प्रिंगमधला जोर ८४० न्यूटन. चाकापाशी तो ०.७ने गुणून ५८८ न्यूटन, म्हणजे साठ किलो. इथे एक चूक इतकी नेमाने होते की तिला पॅडॉकची परंपराच म्हणावी. चाकापाशीचा ताठपणा काढताना मोशन रेशोचा वर्ग घ्यावा लागतो, हे कुठेतरी वाचलेलं असतं. तो वर्ग मग पॉटच्या आकड्यालाही लावला जातो आणि साठाचे बेचाळीस किलो होतात. पॉट चाकाची चाल मोजत नाही, स्प्रिंगची मोजतो, एक ०.७ त्याच्या आकड्यात आधीच मुरलेला आहे. तीस टक्के डाउनफोर्स अशा रीतीने कागदावरच उडून जातो आणि विंग, म्हणजे गाडीला खाली दाबणारा उलटा पंख, बनवणाऱ्याला शिव्या बसतात.

गुणाकार बरोबर केला तरी काट्याचा बारीकपणा पाहा. अर्धा मिलिमीटर चुकलं की एका चाकापाशी पाच किलो, चार चाकांचे वीस. अर्धा मिलिमीटर म्हणजे जाडसर पोस्टकार्डाइतकं. डॅम्परच्या सीलचं घर्षण, रबरी बुशचा चिवटपणा, टायरला चिकटून आलेले रबराचे गोळे, यांतलं कुठलंही एक तेवढं सहज खातं.

म्हणून सूत्रावर फार विसंबू नये, वाळूच्या पिशव्यांवर विसंबावं. गाडी सपाट फरशीवर चार वजनकाट्यांवर उभी करायची. टाकीत चाचणीत असेल तेवढंच पेट्रोल, सीटवर चालकाच्या वजनाची भरती, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटीरोल बारच्या दोन्ही लिंका सुटलेल्या. टायरमधे हवा भरायची ती थंड टायरची नेहमीची नाही. तापल्यावर जेवढी होते तेवढी. काटे आणि टायर यांच्यामधे ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे. गाडी दबली की चाकं किंचित बाहेर सरकू पाहतात. रबर काट्याला धरून बसलं तर सस्पेन्शन अडून राहतं आणि पॉट कमी दाखवतो. मग एका ॲक्सलच्या बरोबर वर, सस्पेन्शन जिथे बॉडीला टेकतं त्या स्ट्रट टॉवरांवर आडव्या टाकलेल्या तुळईवर, वीस-वीस किलोंच्या पिशव्या एकेक करून ठेवायच्या. प्रत्येक पिशवीनंतर बंपर दोनदा दाबून सोडायचा, गाडी शांत होऊ द्यायची, काटा आणि पॉट दोन्ही लिहून घ्यायचे. पाच पिशव्या चढवायच्या, मग त्याच क्रमाने उतरवायच्या. चढतानाची आणि उतरतानाची रेषा एकावर एक कधीच पडत नाहीत. मधे भाताच्या शितासारखी एक लांबट पोकळी उरते. ती पोकळी म्हणजे तुमच्या काट्याचा पासंग. स्फेरिकल बेअरिंगवाल्या गाडीत ती बारीक असते, रबरी बुशवाल्या गाडीत चांगली फुगीर. यात किती मिलिमीटरला किती किलो हे थेट मिळतं. स्प्रिंगवर छापलेला आकडा खरा आहे का, मोशन रेशो वाकड्या पट्टीने मोजला होता का, हे प्रश्नच उरत नाहीत. तासभर वाळू वाहायला कोणी तयार नसतं, एवढीच काय ती अडचण.

चाचणीची वेळ पहाटेची. दव अजून डांबरावर असतं, फ्लडलाइटखाली कोणीतरी चहाचे कागदी कप वाटतंय, आणि वाऱ्याची पिशवी खांबाला निपचित लटकलेली आहे. ती निपचित असण्याला फार किंमत आहे. ताशी दहा किमीचा वारा, ज्याला आपण झुळूक म्हणतो, तो समोरून आला तर ताशी दोनशेची गाडी हवेला दोनशे दहाची वाटते. मागून आला तर एकशे नव्वदची. दोघांच्या वर्गांत बावीस टक्क्यांचा फरक. तीच गाडी, तीच विंग, आणि एका दिशेला चारशे किलो दाखवायचे ते दुसऱ्या दिशेला सव्वातीनशेच्या घरात. धावपट्टी मिळाली तर तिथे दोन्ही दिशांनी पळवून सरासरी घ्यायची; वारा मधेच बदलला नाही तर चूक पाव टक्क्यावर येते. सर्किटवर उलटं पळता येत नाही, तिथे नाकापुढे पिटो नळी लावून हवेचाच वेग मोजावा लागतो. तीही बंपरला टेकवून लावली तर गाडीने पुढे ढकललेली, आधीच मंदावलेली हवा मोजते. हातभर पुढे काढलेल्या त्या नळीमुळे गाडी चतुरासारखी दिसते.

हवेचं वजनही धड्यात धरायचं असतं. समुद्रसपाटीला, पंधरा अंशांना, घनमीटरभर हवा १.२२५ किलो भरते, आणि गणितं सहसा तिच्यावर बेतलेली असतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून जरा वर आहे. एप्रिलच्या दुपारी पस्तीस अंशांना तिथली हवा जेमतेम १.०७ किलो. ४०९ किलोंचा तो आकडा मानक हवेतला धरला, तर पुण्याच्या दुपारी तीच गाडी त्याच वेगाला ३५७ किलोंवर येते. काहीही न मोडता, काहीही न काढता पन्नास किलो गेले. पावसाळ्यात हवा जड वाटते, ती वाटतेच फक्त. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा उलट किंचित कमी भरते.

आता मुख्य गोष्ट, धडा कधी करायचा? बहुतेक जण गाडी पिटमधे उभी असताना पॉटवर शून्य मारतात. हे चुकीचं आहे. उभ्या गाडीचे डॅम्पर थंड असतात. चार लॅप झाले की आतला वायू तापतो, त्याचा दाब वाढतो, दांडा बाहेर ढकलला जातो आणि गाडी थोडी वर उचलली जाते. हवा खाली दाबतेय आणि डॅम्पर वर ढकलतोय. पॉटला दोघांची गोळाबेरीज दिसते. दुसरा गट जरा शहाणा असतो. तो तापलेल्या गाडीचा एक संथ लॅप ताशी साठने घेतो आणि त्याला शून्य म्हणतो. पण साठलाही हवा आहेच. दोनशेच्या नऊ टक्के, म्हणजे आपल्या या गाडीपुरते सदतीस किलो, रिकाम्या डब्यात आधीच तेल.

खरा धडा गाडी उभी करून सापडत नाही. तो पळवूनच काढावा लागतो. एकाच सरळ तुकड्यावर, तापल्या गाडीने, ८०, १२०, १६० आणि २००, प्रत्येक वेगाला स्थिर धरून तीन-चार फेऱ्या घ्यायच्या. दोनशेला दोन सेकंदांची सरासरी म्हणजे १११ मीटर रस्ता; त्याहून लहान तुकडा घेतला तर रस्त्याचे उंचवटेच मोजले जातात. मग आडव्या अक्षावर वेगाचा वर्ग, म्हणजे ६४००, १४४००, २५६००, ४००००, आणि उभ्या अक्षावर भार. ठिपक्यांतून रेषा ओढायची आणि पट्टी मागे वाढवत न्यायची. शून्य वेगापाशी ती जिथे टेकेल तो धडा. तिथे गाडी कधी उभीच नव्हती, तरी तोच आकडा खरा, कारण तो तापलेल्या डॅम्परचा, गरम टायरचा, त्याच टाकीचा आहे.

रेषा सरळ आली तर नशीब.

सहसा येत नाही, आणि का आली नाही हे शोधण्यात दुपार जाते. रेषा वरच्या टोकाला खाली वाकली तर आधी बंप स्टॉप बघायचा. गाडी दबून त्या रबरी ठोकळ्यावर टेकली की पुढचा भार ठोकळा घेतो, स्प्रिंग फारशी हलत नाही, आणि पॉटच्या मते हवा पडली. दांड्यावर ग्रीसचा बारीक थर लावून एक फेरी मारली तर ठोकळ्याचा ठसा उठतो की नाही ते कळतं. ठसा नसेल तर प्रकरण खरं हवेचं आहे: गाडीच्या बुडाचा मागचा, वर चढत जाणारा भाग, म्हणजे डिफ्यूझर, जमिनीच्या इतका जवळ गेला की त्याखालचा प्रवाह सुटला. एखाद्याच फेरीचा ठिपका वर-खाली उडाला तर रस्ता तपासावा. उंचवट्यावरून जाताना अवघ्या ०.०५ जीने, म्हणजे गुरुत्वाच्या पाच टक्क्यांनी, गाडी हलकी झाली, तर १४५० किलोंच्या गाडीचे बहात्तर किलो गायब होतात. म्हणून उभ्या दिशेचा ॲक्सेलरोमीटर हवाच, आणि शक्य झालं तर लहानपणापासून ओळखीचा असावा असा सपाट रस्ता.

गॅस द्यायचा की सोडायचा यावर दोन तट आहेत. गॅस देऊन वेग स्थिर धरला तर मागच्या चाकांचा रेटा सस्पेन्शनच्या दांड्यांमधून गाडीचं बूड उचलून धरतो. चाकावर भार असतो, पण स्प्रिंगपर्यंत तो पुरा पोचत नाही. क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली तर ही भानगड मिटते, पण दुसरी उभी राहते. हवेच्या रोधाने गाडी मंदावत असते, आणि मंदावणारी गाडी पुढे झुकते. रोध १५०० न्यूटन, गुरुत्वमध्य ४६० मिलिमीटर उंच, व्हीलबेस २४५० धरला तर साधारण २९ किलो मागून पुढे सरकलेले दिसतात. एकूण बेरीज बरोबर, वाटणी चुकीची. माझं मत वाहू देण्याच्या बाजूने आहे. हे २९ किलो कागदावर काढून परत मागे ठेवता येतात. दांड्यांचं उचलणं भूमितीच्या इतक्या बारकाव्यांवर अवलंबून असतं की ते काढता काढता माणूस म्हातारा होतो.

स्प्रिंगला दिसतच नाही असाही भार असतो. १९६६मधे टेक्ससच्या जिम हॉलने चॅपरल २ई आणली, तिची मागची विंग उंच खांबांवर होती आणि ते खांब बॉडीला नव्हे, थेट मागच्या चाकांच्या हबवर रोवलेले होते. हवेचा सगळा दाब स्प्रिंगला बगल देऊन टायरवर जायचा. गाडी दबत नाही, तरी टायर रस्त्याला घट्ट. फार सुंदर कल्पना. त्या गाडीला आजचे पॉट लावले असते तर विंगच्या डाउनफोर्सचा आकडा शून्य आला असता. असे उंच खांब पुढे फॉर्म्युला वनमधेही आले. १९६९मधे बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटसच्या विंगा मोडून अपघात झाले आणि ती पद्धत बंद केली गेली. आता विंग बॉडीवरच असते, पण ब्रेकच्या हवेच्या नळ्या, फिरणारी चाकं, यांवरचा भार आजही स्प्रिंगच्या नजरेआड असतो. चाकाचा जोर स्प्रिंगकडे नेणाऱ्या पुशरॉडमधे ताण मोजणारे स्ट्रेन गेज चिकटवले तरी हा भाग सुटतोच. बंप स्टॉपचा घोटाळा तेवढा त्याने मिटतो, कारण जोर स्प्रिंगमधून येवो की ठोकळ्यातून, जातो पुशरॉडमधूनच. पण ब्रेक डिस्कच्या धगीने गेजचा शून्य सरकतो. गाडी जॅकवर घेऊन, चाकं लोंबकळत ठेवून, थंड आणि गरम असे दोन्ही शून्य घ्यावे लागतात. धड्यातून सुटका नाही.

मग विंड टनेलमधे जाऊन सगळं एकदाच का मोजू नये? हे विचारणाऱ्याला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या टनेलची गोष्ट सांगावी. १९७५च्या सुमाराला इंजिनिअर पीटर राइट तिथे लोटस या फॉर्म्युला वन संघाच्या नव्या गाडीचं छोटं मॉडेल घेऊन बसला होता, खाली सरकता पट्टा, वर मॉडेल. आकडे जुळेनात. तेच मॉडेल, तोच वेग, आणि वाचन दरवेळी वेगळं. अशा वेळी साधारण माणूस काट्याला नावं ठेवतो. राइटच्या मंडळींनी मॉडेलकडे निरखून पाहिलं. दोन्ही बाजूंचे कप्पे, म्हणजे साइडपॉड, वेग वाढला की आपोआप खाली झुकत होते, पट्ट्याजवळ जात होते, आणि जसजशी फट अरुंद होई तसतसा डाउनफोर्स वाढत होता. त्यांनी साइडपॉड बांधून घट्ट केले, मग कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून फट बुजवली, आणि आकडा उसळला. त्यातून लोटस ७८ आली, मग ७९, आणि १९७८मधे मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला. ग्राउंड इफेक्टचं, म्हणजे बुडाखालच्या हवेच्या ओढीने गाडी जमिनीला चिकटवण्याचं, सगळं युग न जुळणाऱ्या वाचनातून निघालं. कोणी त्या दिवशी चार वाचनांची सरासरी काढून चहाला गेलं असतं तर?

सरासरीबद्दलचा माझा आकस इथून आला असावा.

घड्याळाने डाउनफोर्स मोजणारेही पुष्कळ असतात. विंग लावली, लॅप किती सेकंदांनी उतरला, संपलं. १९७१मधे अमेरिकेत फिनिक्सला संघमालक डॅन गर्नीने आपला चालक बॉबी अन्सरच्या गाडीच्या विंगच्या मागच्या कडेला अँगलची एक उभी पट्टी लावली. वेळ काही सुधारली नाही. बघणाऱ्यांना वाटलं, गेलं वाया. अन्सरने हळूच सांगितलं की मागचं टोक इतकं चिकटलंय की पुढचं आता तोंड वळवत नाही. भार आला होता, भरपूर आला होता, फक्त एकाच बाजूला. घड्याळाला बेरीज कळत नाही आणि वाटणी तर नाहीच. ती पट्टी आज गर्नी फ्लॅप म्हणून जगभरच्या विंगांवर आहे.

वाटणीचं गणित डिकीवर विंग ठोकणाऱ्या प्रत्येकाने एकदा करावं. विंग मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे, व्हीलबेस अडीच मीटर. विंगवर शंभर किलो आले की मागच्या चाकांवर एकशे वीस येतात आणि पुढच्यांवरून वीस उचलले जातात. सी-सॉच आहे तो. शिवाय विंग उंच, तिचा रोध गाडीला मागे उलथवू पाहतो, त्याचे आणखी काही किलो पुढून जातात. मोजताना फक्त मागे पॉट लावले तर विंग जाहिरातीपेक्षा वीस टक्के सरस निघते. मालक खूश. पुढे बंपरखालची आडवी फळी, म्हणजे स्प्लिटर, नसेल तर पहिल्या वेगवान वळणावर स्टिअरिंग हलकं, कागदासारखं लागतं, आणि दोष टायरला दिला जातो.

एक पद्धत मला सगळ्यांत आवडते, तिला वीजही लागत नाही. फ्लोअरला, म्हणजे गाडीच्या बुडाच्या पत्र्याला, एक मिलिमीटरचं भोक पाडायचं, कडा अगदी साफ, बाहेर बूर राहू द्यायचा नाही. आतून पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडायची आणि डॅशबोर्डवर इंग्रजी यू आकारात टेपने चिकटवायची. नळीत रंगवलेलं पाणी. दुसरं टोक एका बंद बाटलीत, बाटलीला केसाएवढी फट; बाटली डिकीमधे, नाहीतर केबिनमधल्या हवेचे हेलकावे आकड्यात शिरतात. गाडी पळाली की फ्लोअरखालची हवा पाणी ओढून घेते. पाण्याच्या दोन पातळ्यांत ५१ मिलिमीटर फरक पडला तर तिथे ५०० पास्कल ओढ आहे. वातावरणाच्या दाबाच्या फक्त अर्धा टक्का. पण चार चौरस मीटर फ्लोअरवर सरासरी एवढीच ओढ असली तरी दोनशे किलोंचा भार होतो. बोटभर लाल पाणी आणि तीन माणसांचं वजन. गॅस दिला की पाणी कलतं, म्हणून वाचन स्थिर वेगालाच. आणि ते चालकाने वाचायचं नाही, शेजारच्याने वाचायचं, हे वेगळं सांगायला नको. भोकं दहा-बारा ठिकाणी पाडली की फ्लोअर कुठे काम करतोय आणि कुठे नुसता पत्रा आहे ते दिसतं. सहसा सगळी मेहनत पुढच्या काठाशी आणि डिफ्यूझरच्या तोंडाशी चाललेली असते, मधला भाग आळशी.

ते तीस किलो. ८६० किलो चार टायरांवर वाटले की एकेका टायरवर दोनशे पंधरा येतात. टायरचा ताठपणा मिलिमीटरला २८० न्यूटन धरला तर टायरच सात-साडेसात मिलिमीटर चेपतो. पॉटला हे दिसत नाही. फ्लोअरखाली लेझर लावला तर दिसतं, तोही पांढरा पट्टा किंवा ओलं डांबर आलं की बावचळतो. त्यात स्प्रिंगचं दबणं मिळवा. ताशी २८५ला गाडी दोनशेपेक्षा जमिनीच्या जवळ असणार, फट अरुंद, ओढ जास्त, इम्पीरियलच्या त्या साइडपॉडसारखी. पोत्याचा हा एक मानकरी. दुसरा मानकरी संगणक. या गाडीत पुढच्या फ्लॅप आणि मागची विंग वेगाप्रमाणे हलतात, कुठल्या वेगाला किती कोन हे आत ठरतं. मॅक्लारेनने आपल्या सेना या गाडीचे ८०० किलो ताशी २५०ला सांगितले आणि त्याहून वेगात विंग स्वतःच जास्तीचा भार सोडून देते. तिथे आकडा गुणधर्म सांगत नाही, छत सांगतो.

दोन ठिपक्यांतून कुठलीही रेषा जाते. तिसरा ठिपका हवा, समजा ताशी २४०ला. नुसता वर्गाचा नियम म्हणतो ५८९ किलो. गाडी हळूहळू दबत जाऊन ते पोतं जमलं असेल तर तिथे ५९८ यायला हवेत. सगळा खेळ नऊ किलोंचा. विंग एका कोनात अडकवून ठेवायची, पहाटे पाचला ट्रॅकवर यायचं, दहा फेऱ्या, वाळू, ग्रीस, पिटो, सगळं नेमाने करायचं.

संध्याकाळी गाडी परत त्याच चार टेपच्या खुणांवर आणून उभी करायची आणि पॉट वाचायचे. टाकीजवळच्या दोन कोपऱ्यांत सकाळपेक्षा ०.८ मिलिमीटर वर. त्यातले ०.५ जळालेल्या दहा किलो पेट्रोलचे, तेवढा हिशोब लागतो. उरलेले ०.३ चारही कोपऱ्यांत सारखेच दिसतात, म्हणजे डॅम्परची ऊब अजून गेलेली नाही. एका कोपऱ्याचे ०.३ म्हणजे तीन किलो, चारांचे बारा. नऊ शोधायला निघालो होतो. वहीत दोन्ही शून्य लिहायचे, एकाखाली एक, वेळ आणि तापमानासकट. मग बॉनेट उघडी टाकून गाडी निवू द्यायची आणि रात्री जेवण झाल्यावर, कोणी गाडीला टेकून उभं नाही ना हे बघून, तिसऱ्यांदा वाचायचे.